प्रोबायॉटिके, बालरोगचिकित्सेतील

पुरेशा प्रमाणात सेवन केले असता सेवन करणाऱ्याच्या आरोग्यास हितकारक ठरणाऱ्या सजीव सूक्ष्मजीवांना प्रोबायॉटिके म्हणतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ञसमितीने २००१ मध्ये केलेली ही व्याख्या आज सर्वत्र मान्य आहे. तीत तीन अटी अंतर्भूत आहेत. सूक्ष्मजीव सेवनाच्या वेळी जिवंत असले पाहिजेत, त्यांची संख्या पुरेशी असली पाहिजे आणि त्यांच्यापासून होणारे हित प्रयोगाने सिद्ध झालेले असले पाहिजे. या सूक्ष्मजीवांचे पोषण करणाऱ्या, परंतु मनुष्यास न पचणाऱ्या कार्बोहायड्रेटांना प्रीबायॉटिके आणि दोहोंच्या मिश्रणाला सिनबायॉटिके अशी नावे आहेत. लहान मुलांचे अतिसार, प्रतिजैव (अँटिबायॉटिक) औषधांचे आतड्यावरील दुष्परिणाम आणि अकाली जन्मलेल्या अर्भकांचे आंत्रविकार यांत प्रोबायॉटिकांचा वापर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झपाट्याने वाढला. त्यांच्या उपयुक्ततेविषयी बालरोगतज्ञांची मते मात्र रोगागणिक भिन्न आहेत.

इतिहास : थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ञांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतील सूक्ष्मजंतूंचे वर्णन केले. पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे आंरी तिस्ये यांना १८९९–१९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेत दुभंगलेल्या टोकांचे दंडाकृती सूक्ष्मजंतू विपुल आढळले. पुढे बिफिडोबॅक्टिरियम या नावाने ओळखले जाऊ लागलेले हे सूक्ष्मजंतू अतिसार झालेल्या मुलांना द्यावेत, अशी सूचनाही त्यांनी केली. म्हणजे या उपचाराची मूळ कल्पनाच बालरोगचिकित्सेतून निघालेली आहे. त्याच संस्थेतील एल्या मेच्निकॉव्ह (नोबेल पारितोषिक, १९०८) यांनी आंबवलेल्या दुधातील लॅक्टिक अम्ल तयार करणारे सूक्ष्मजंतू आतड्यातील कुजण्याच्या क्रियेस आळा घालतात व त्यामुळे आयुष्य वाढते, असे मत मांडले. फ्रेंच संशोधक आंरी बुलार यांनी १९२०–३० या दशकात इंडोचायनात लिची व मँगोस्टीन या फळांपासून एक यीस्ट वेगळे केले. ते सॅकॅरोमायसीझ बुलार्डी होय. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजंतूपासून १९३५ मध्ये आंबवलेल्या दुधाचे पेय बाजारात आले. ‘प्रोबायॉटिक’ ही संज्ञा लिली व स्टिलवेल यांनी १९६५ मध्ये योजिली, ती एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या व दुसऱ्याच्या वाढीस उत्तेजन देणाऱ्या पदार्थासाठी. तिला आजच्या अर्थाजवळ आणण्याचे श्रेय आर. फुलर (१९८९) यांना देतात.

अर्भकाच्या आतड्यातील सूक्ष्मजंतू : जन्मानंतर थोड्याच काळात अर्भकाच्या आतड्यात सूक्ष्मजंतूंची वसाहत सुरू होते. प्रसूतीचा प्रकार, गर्भकाल, आहार आणि औषधे यांनुसार तिचे स्वरूप ठरते. नैसर्गिक प्रसूतीत मातेचे सूक्ष्मजंतू अर्भकाला मिळतात. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या अर्भकाच्या आतड्यात रुग्णालयीन परिसरातील सूक्ष्मजंतू अधिक आढळतात. मातेच्या दुधात लॅक्टोज व वसा यांच्या खालोखाल विपुल असणारा घन घटक म्हणजे दुग्ध-ऑलिगोसॅकॅराइडे. ती अर्भकाला पचत नाहीत. बिफिडोबॅक्टिरियमाच्या काही प्रकारांना मात्र ती उत्तम पचतात. त्यांच्या किण्वनाने (आंबण्याच्या क्रियेने) तयार होणारी अम्ले आतड्यातील परिस्थिती अपायकारक जंतूंना प्रतिकूल करतात. या दृष्टीने मातेचे दूध हे अर्भकाचे पहिले सिनबायॉटिक होय आणि म्हणूनच पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, हा बालरोगतज्ञांचा या विषयातील पहिला व निर्विवाद सल्ला आहे.

महाराष्ट्रात या सल्ल्याच्या आड येणाऱ्या काही रूढी अद्याप पूर्णपणे नष्ट झालेल्या नाहीत. प्रसूतीनंतरचे पहिले चिकाचे दूध पिळून टाकणे, नवजात अर्भकाला मध किंवा साखरेचे पाणी चाटविणे आणि वेखंड, हळकुंड, मुरडशिंग, जायफळ, सुंठ, खारीक, बदाम इ. सहाणेवर उगाळून बाळगुटी देणे या त्यांपैकी प्रमुख होत. गुटीतील द्रव्यांचे गुणदोष काहीही असोत, सहाण, पाणी व बोट यांच्याद्वारे अर्भकाच्या आतड्यात रोगजंतू जाण्याचा धोका असतो आणि तेवढ्या प्रमाणात स्तनपानही कमी होते.

प्रकार : औषध म्हणून वापरात असलेल्या प्रोबायॉटिकांचे तीन गट पाडता येतात. (१) लॅक्टिक अम्ल तयार करणारे सूक्ष्मजंतू : लॅक्टोबॅसिलस गटातील जाती व बिफिडोबॅक्टिरियम. लॅक्टोबॅसिलस या प्रजातीचे २०२० मध्ये अनेक प्रजातींत विभाजन करण्यात आले. वैद्यकीय व्यवहारात जुनी नावे अद्याप रूढ आहेत. (२) बीजुके तयार करणारे दंडाणू : बॅसिलस क्लॉसाय व बॅसिलस कोॲग्युलन्स. यांची बीजुके उष्णता, जठरातील अम्ल व अनेक प्रतिजैव औषधे यांना दाद देत नाहीत. भारतीय बाजारात दीर्घकाळ ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स’ या नावाने विकला जाणारा सूक्ष्मजंतू वस्तुतः बॅसिलस कोॲग्युलन्स हाच होय. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून मिळालेल्या एका सूक्ष्मजंतूचा अभ्यास करताना पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये संबंधित प्रजातींचे नवे वर्गीकरण सुचविले. त्यात बॅसिलस क्लॉसाय याला शौचेला क्लॉसाय हे नाव मिळाले. हे प्रजातिनाम त्याच संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ योजिलेले आहे. (३) यीस्ट : सॅकॅरोमायसीझ बुलार्डी. हे कवक असल्याने त्यावर सूक्ष्मजंतुरोधी प्रतिजैव औषधांचा परिणाम होत नाही.

एकाच जातीतील दोन वाणांचे गुणधर्म सारखे असतीलच, असे नाही. एका वाणाने एका रोगात, विशिष्ट मात्रेने दिलेला गुण दुसऱ्या वाणाला किंवा दुसऱ्या रोगाला लागू करता येत नाही. वेष्टनावर केवळ प्रजाती व जाती छापलेल्या मिश्रणाविषयी वैद्याला निश्चित मत देता येत नाही, याचे कारण हेच.

क्रिया : प्रोबायॉटिके रोगजंतूंशी अन्न व आतड्याच्या श्लेष्मकलेवरील (बुळबुळीत अस्तरावरील) जागा यांसाठी स्पर्धा करतात. अम्ले व जंतुरोधक प्रथिने स्रवून ती त्यांची वाढ रोखतात, श्लेष्मकलेतील कोशिकांमधील सांधे दृढ करतात आणि प्रतिरक्षा यंत्रणेला चालना देतात. यांपैकी बहुतेक गोष्टी प्रयोगशाळेत व प्राण्यांवर दाखवून देण्यात आलेल्या आहेत. रुग्ण बालकावर त्यांचा दृश्य परिणाम होतो की नाही, हे केवळ तुलनात्मक प्रयोगांनीच ठरते. अशा प्रयोगांत काही मुलांना औषध व काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य देतात आणि कोणाला काय दिले, हे निकालापर्यंत वैद्य व पालक या दोघांनाही माहीत नसते. सेवन थांबविल्यावर हे सूक्ष्मजंतू बहुधा काही दिवसांतच आतड्यातून नाहीसे होतात.

तीव्र अतिसार : मुलांमध्ये प्रोबायॉटिकांचा सर्वाधिक वापर या विकारात होतो आणि मतभेदही येथेच अधिक आहेत. २०१० मध्ये ६३ प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणात प्रोबायॉटिकांमुळे अतिसाराचा काळ सरासरी सुमारे २५ तासांनी कमी होतो, असे दिसले होते. त्यानंतर २०१८ मध्ये दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ९७१ मुलांवरील प्रयोगात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जी. जी. वाण दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी एक हजार कोटी या मात्रेत पाच दिवस देण्यात आला. औषध घेणाऱ्यांचा अतिसार सुमारे ४९·७ तास, तर न घेणाऱ्यांचा ५०·९ तास टिकला; हा फरक नगण्य होय. कॅनडात ८८६ मुलांना दोन लॅक्टोबॅसिलसांचे मिश्रण दिले असताही लाभ आढळला नाही. हे प्रयोग जमेस धरून २०२० मध्ये ८२ प्रयोगांचे पुन्हा परीक्षण झाले. त्यात ४८ तासांहून अधिक टिकणाऱ्या अतिसाराच्या प्रमाणात प्रोबायॉटिकांमुळे बहुधा काही फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. पूर्वीचे अनेक प्रयोग लहान व सदोष होते, हे या बदलाचे मुख्य कारण होय. अमेरिकेतील जठरांत्ररोगतज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये तीव्र अतिसाराच्या मुलांना प्रोबायॉटिके देऊ नयेत, असे सुचविले. यूरोपातील बाल-जठरांत्ररोगतज्ञांच्या संस्थेने मात्र काही ठराविक वाण जलसंजीवनीच्या जोडीला देता येतील, अशी सौम्य शिफारस कायम ठेवली.

पाश्चात्त्य देशांतील निष्कर्ष भारतास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथे कुपोषण, दूषित पाणी व निराळे रोगजंतू यांमुळे परिस्थिती भिन्न आहे. भारतीय बालरोगतज्ञांच्या अकादमीने (इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स; स्थापना १९६३) २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, उपलब्ध प्रयोग बहुतांशी विकसित देशांतील असल्याने भारतीय परिस्थितीत तीव्र अतिसारावर प्रोबायॉटिकांची शिफारस करण्यास पुरावा अपुरा आहे, असे म्हटले होते. प्रतिबंधाच्या बाबतीत कोलकात्याच्या झोपडपट्टीतील एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांवरील प्रयोग (२०११) उल्लेखनीय आहे. बारा आठवडे रोज शिरोता वाणाचे पेय दिलेल्या मुलांत अतिसाराचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. हा लाभ खरा असला, तरी शुद्ध पाणी व शौचालय यांच्या ऐवजी त्यावर भिस्त ठेवता येईल इतका मोठा नाही.

अतिसारात मूल दगावते ते मुख्यतः निर्जलीभवनाने, म्हणजे शरीरातील पाणी व लवणे घटल्याने. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बांगला देशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडाने देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. जलसंजीवनीच्या आजच्या प्रमाणित पुडीत एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३·५, मीठ २·६, पोटॅशियम क्लोराइड १·५ व ट्रायसोडियम सायट्रेट २·९ ग्रॅ. ही द्रव्ये असतात. तिच्या जोडीला सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिग्रॅ. व त्याहून लहान अर्भकाला १० मिग्रॅ. जस्त चौदा दिवस देतात. स्तनपान व नेहमीचा आहार चालू ठेवतात. प्रोबायॉटिकाविषयी कोणतेही मत असले, तरी या क्रमात त्याचे स्थान जलसंजीवनी व जस्त यांच्यानंतरचे आहे, याबद्दल बालरोगतज्ञांत दुमत नाही. [⟶ अतिसार].

प्रतिजैव औषधजन्य अतिसार : प्रतिजैव औषधांमुळे रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक सूक्ष्मजंतूही मरतात व काही मुलांना जुलाब होतात. या बाबतीत पुरावा अधिक अनुकूल आहे. २०१९ मधील ३३ प्रयोगांच्या (६,३५२ मुले) परीक्षणात प्रोबायॉटिके घेणाऱ्या मुलांपैकी ८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी १९ टक्के मुलांना असा अतिसार झाला. म्हणजे सुमारे नऊ मुलांना औषध दिल्यास एकाचा अतिसार टळतो. जी. जी. वाण किंवा सॅकॅरोमायसीझ बुलार्डी यांची रोज ५०० ते ४,००० कोटी ही मात्रा योग्य मानली जाते. तथापि सर्दी, पडसे व व्हायरसजन्य अतिसार यांत प्रतिजैव औषधच न देणे हा यावरचा अधिक चांगला उपाय होय.

अकालजात अर्भके : ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दीड किग्रॅ.हून कमी वजनाच्या अर्भकांत आतड्याचा काही भाग सुजून मृत होण्याचा विकार (ऊतकमृत्युजनक आंत्रशोथ) होतो. तो बहुधा मातेच्या दुधाखेरीज अन्य दूध सुरू केल्यावर उद्‍भवतो व अनेकदा प्राणघातक ठरतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील १,०९९ अर्भकांवरील प्रयोगात (२०१३) तीन सूक्ष्मजंतूंच्या मिश्रणाने या विकाराचे प्रमाण ४·४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. याउलट इंग्लंडमधील सुमारे १,३०० अर्भकांवरील प्रयोगात (२०१६) बिफिडोबॅक्टिरियम ब्रेव्हे याच्या एका वाणाचा काहीच लाभ झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या व मानवी दूध घेणाऱ्या अर्भकांसाठी प्रोबायॉटिकांचा विचार करता येईल, असे सांगितले. अमेरिकेतील बालरोगतज्ञांच्या अकादमीने मात्र २०२१ मध्ये त्यांच्या सरसकट वापरास, विशेषतः एक किग्रॅ.हून कमी वजनाच्या अर्भकांत, पाठिंबा दिला नाही. २०२३ मध्ये अशाच एका अर्भकाचा प्रोबायॉटिकातील सूक्ष्मजंतू रक्तात शिरून मृत्यू झाल्यावर तेथील अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना सावधगिरीचा इशारा दिला.

या विकारापासून सर्वांत भरवशाचे संरक्षण मानवी दुधानेच मिळते. मुंबईतील लोकमान्य टिळक (शीव) रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये भारतातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती अशाच अर्भकांसाठी.

नवजात अर्भकांतील जंतुदोष : ओडिशातील १४९ खेड्यांत ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेला प्रयोग (पिनाकी पाणिग्रही व सहकारी, २०१७) या विषयात महत्त्वाचा मानला जातो. किमान दोन किग्रॅ. वजनाच्या व स्तनपान करणाऱ्या निरोगी अर्भकांना जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसापासून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक वाण व फ्रुक्टो-ऑलिगोसॅकॅराइड देण्यात आले. साठ दिवसांत जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांत ९ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ५·४ टक्के आढळले. श्वसनमार्गाचे विकारही कमी झाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात अर्भकांची काळजी घेऊन मृत्यू घटविता येतात, हे १९९९ मध्ये दाखवून दिले होते. ओडिशातील स्वस्त उपचार अशा व्यवस्थेला पूरक ठरू शकेल. तथापि हा निष्कर्ष एका वाणापुरता आहे आणि बाजारातील इतर पुड्यांना तो लागू करणे शास्त्रसंमत नाही.

इतर विकार : अंगावर पिणारे परंतु सायंकाळी एकसारखे रडणारे अर्भक (अर्भकशूळ) लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरीच्या डी. एस. एम. १७९३८ या वाणाने काहीसे कमी रडते. वरच्या दुधावरील अर्भकांविषयी असा पुरावा नाही. बद्धकोष्ठ, दमा आणि भूक व वजन न वाढणे यांसाठी प्रोबायॉटिके देण्यास पुरेसा आधार मिळालेला नाही.

धोके : निरोगी मुलांत पोट फुगण्यापलीकडे सहसा त्रास होत नाही. प्रतिरक्षा दुर्बल झालेली मुले, अतिदक्षता विभागातील रुग्ण व मोठ्या नीलेत नळी घातलेली मुले यांच्यात मात्र सूक्ष्मजंतू किंवा यीस्ट रक्तात शिरण्याचा संभव असतो. सॅकॅरोमायसीझ बुलार्डीची पुडी अशा रुग्णाच्या खाटेजवळ उघडल्यानेही नळीतून संसर्ग झाल्याची उदाहरणे नमूद आहेत.

दही, ताक व आंबील : विरजण लावलेल्या घरगुती दह्यात लॅक्टिक अम्ल तयार करणारे सजीव सूक्ष्मजंतू विपुल असतात. परंतु त्यांचे वाण व संख्या घरागणिक आणि ऋतुमानागणिक बदलत असल्याने दही हे व्याख्येच्या काटेकोर अर्थाने प्रोबायॉटिक ठरत नाही. आहार म्हणून त्याचे मोल यामुळे कमी होत नाही. त्यातील लॅक्टोज अंशतः विघटित झालेले असते, म्हणून जुलाबाच्या दिवसांत ते दुधापेक्षा सहज पचते. सहा महिन्यांनंतर मऊ भात किंवा भाकरीबरोबर ताजे दही देण्यास बालरोगतज्ञांची हरकत नसते. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची आंबील शिजवल्यावर तीतील बहुतेक सूक्ष्मजंतू मरतात. पथ्याचे अन्न म्हणून ती उपयुक्त आहे. [⟶ दही].

ग्रामीण महाराष्ट्रातील परिस्थिती : सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग (ता. दक्षिण सोलापूर) यासारख्या पर्जन्यछायेतील गावांत हा प्रश्न विशेष स्वरूपात दिसून येतो. या भागात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. शीतकपाटात ठेवावयाची लॅक्टोबॅसिलसयुक्त औषधे वाहतुकीत व दुकानात उष्णतेने निकामी होऊ शकतात. बीजुकयुक्त औषधे टिकतात. टिकाऊपणा हा सोयीचा गुण असला, तरी तो गुणकारितेचा पुरावा नव्हे. याच ऋतूत पाणीटंचाईमुळे साठवलेले पाणी दूषित होऊन आणि पुढे पहिल्या पावसानंतर अतिसार वाढतो. प्रोबायॉटिकाच्या लहानशा कुपीला शेतमजूर कुटुंबाला जी किंमत मोजावी लागते, तिच्या तुलनेत जलसंजीवनीची पुडी व जस्ताच्या गोळ्या शासकीय आरोग्यसेवेत आशा कार्यकर्तीकडून विनामूल्य मिळतात. महागडे औषध घेतले म्हणजे उपचार झाला, या समजुतीने द्रावण पाजण्यात हयगय झाल्यास त्याचा परिणाम मुलाच्या जिवावर बेतू शकतो. डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, पाणी न पिणे, ग्लानी किंवा विष्ठेत रक्त ही लक्षणे दिसताच मुलास तातडीने दवाखान्यात नेणे आवश्यक असते. रोटाव्हायरसाच्या लशीचा राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने झालेला समावेश हा अतिसारप्रतिबंधाचा अधिक निश्चित उपाय आहे.

नियंत्रण : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातील प्रोबायॉटिकांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रजाती, जाती व वाण यांची नावे, मुदत संपेपर्यंत टिकणारी जिवंत सूक्ष्मजंतूंची किमान संख्या आणि साठवणीची पद्धत वेष्टनावर छापावी, असे त्यांत सांगितले आहे. औषध निवडताना वैद्याने व ग्राहकाने हीच माहिती पाहावयाची असते. योग्य वाण, योग्य रोग व योग्य मात्रा यांचा मेळ बसेल तेथे प्रोबायॉटिके उपयुक्त ठरतात, तसा तो बसत नसेल तेथे ती अनावश्यक होत, असे बालरोगतज्ञांच्या आजच्या मताचे सार आहे.